लढ्यातला कार्यकर्ता सरपंच झाला, आता सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वनहक्काच्या लढ्यात उमेदीची वर्षं गेली, नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलात, आंदोलनाच्या दोन केसेस अजून अंगावर आहेत. आता पेठ तालुक्यातल्या सहा पाड्यांच्या ग्रुप ग्रामपंचायतीवर लोकांनी तुम्हाला थेट सरपंच म्हणून निवडून दिलंय. सदस्यांत मात्र बहुमत समोरच्या पॅनेलचं आहे. "आजवर मागण्या घेऊन जात होतो, आता लोक माझ्याच दारात मागण्या घेऊन येतायत. सुरुवात कुठून करू?"

कोणतं काम आधी घ्यायचं, हा यातला सोपा भाग आहे. अवघड भाग वेगळाच आहे. मोर्चात हजार माणसं पाठीशी असली की साहेब खुर्चीतून उठतो, पण त्याच हजार माणसांना पाणी द्यायचं तर ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका आणि दोन डिजिटल सह्या लागतात. लढ्यातून आलेले सरपंच दोन तऱ्हांनी फसलेले दिसतात. काही जण कागदाला तुच्छ लेखतात, मग ऑडिटमध्ये वसुली त्यांच्या नावावर निघते. काही जण कागदातच इतके गुंततात की वर्षभरात ठेकेदाराच्या बिलांवर सह्या करणारे होऊन बसतात आणि पाड्यावर जाणंच सुटतं. गर्दी सांभाळायची आणि कागदही सांभाळायचा, आणि या दोहोंना जोडणारी जागा म्हणजे ग्रामसभा. पुढचं सगळं त्याच धोरणाने सांगतो.

आधी, कशावर काय अवलंबून आहे ते. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून पेसाचे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) अधिकार आणि निधी तुम्हाला लागू आहेत. हेच उत्तर निफाड किंवा येवल्यातल्या सरपंचाने वाचलं तर त्यातला पेसाचा भाग त्याच्या कामाचा नाही. दुसरं, सदस्य विरोधात असले तरी थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. ही दोन वर्षं भांडणात घालवायची की मासिक सभेत एकेका सदस्याच्या पाड्याचं काम मार्गी लावून त्याला सोबत घ्यायचं, हे तुमच्या हातात आहे. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे. विरोधी सदस्यालाही त्याच्या पाड्यावरच्या बायका पाण्यावरून बोलतच असतात.

पहिल्या महिन्यात एकही नारळ फोडू नका. दप्तराचा पदभार घ्या, तोही यादी करून, ग्रामसेवकाच्या सहीने. (आता पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात.) किमान एवढे नमुने स्वतः उघडून बघा: नमुना ५ म्हणजे रोकड वही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कर मागणी, नमुना २२ स्थावर मालमत्ता. रोकड वहीतली शिल्लक आणि त्याच तारखेची बँकेची शिल्लक शेजारी मांडा. फरक असेल तर त्याचं कारण लेखी घ्या. न वटलेले धनादेश किंवा बँकेने कापलेले चार्जेस असतील, तर तो फरक साधा आहे. कारणच सापडत नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांना पत्र देऊन पोच घ्या, म्हणजे जुना घोळ तुमच्या काळात मोजला जाणार नाही. नमुना २२ मधली प्रत्येक मालमत्ता जागेवर आहे का, हेही फिरून बघा. कागदावर तीन हातपंप आणि पाड्यावर दोनच खांब, असा प्रकार दुर्मिळ नाही.

डिजिटल सहीचं डोंगल (संगणकाला लावायची यूएसबी चावी) हा विषय किरकोळ वाटतो, पण सरपंच सर्वांत जास्त इथेच अडकतात. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातात आणि त्यासाठी ग्रामसेवकाची आणि तुमची, अशा दोन्ही सह्या लागतात. "सरपंच, तुम्ही कशाला तालुक्याला हेलपाटे घालता, डोंगल इथेच ठेवा," असं संगणक परिचालक आपुलकीने म्हणतो. ठेवू नका. डोंगल आणि पिन तुमच्याजवळच असू द्या. पैसे सोडण्यापूर्वी ठरावाचा क्रमांक, मोजमाप पुस्तिकेचं पान, बिल आणि कामाचा फोटो हे चारही समोर असल्याशिवाय सही होणार नाही, असा नियमच करा. वसुली निघाली तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

अपात्रतेच्या बाबतीत चळवळीतल्या माणसाला धोका जरा जास्तच असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र ठरतो, म्हणून स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी आजच भरून पावती घरात ठेवा. ग्रामपंचायतीच्या कामात तुमचा किंवा तुमच्या भागीदाराचा हितसंबंध नको, मग तो थेट असो की आडून. भावाचा ट्रॅक्टर मुरूम वाहायला लावला, एवढ्यावरूनही तक्रार होते. सर्वांत नाजूक मुद्दा शासकीय जमिनीवरच्या अतिक्रमणाचा. कुटुंबातल्या माणसाचं अतिक्रमणही सदस्याला भोवू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तुमची शेती वनजमिनीवर असेल आणि दावा प्रलंबित असेल, तर दाव्याची पोच, वनहक्क समितीचा स्थळपाहणी अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव यांच्या प्रमाणित प्रती काढून एका फाइलीत लावा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत हुसकावता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं. अपात्रतेच्या अर्जात ते किती चालेल हे प्रकरणावर आणि वकिलावर अवलंबून आहे, पण फाइल नसेल तर काहीच चालणार नाही.

केसेसचं म्हणाल तर तारखा चुकवू नका. सरपंचाच्या नावाने निघालेलं अटक वॉरंट गावात बोभाटा करून जातं. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. त्यात बसता का हे वकिलाकडून तपासून अर्ज देऊन ठेवा.

आता ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात, आणि सबळ कारणाशिवाय टाळल्या तर पद जातं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते, तुम्ही ती खरी घ्या. वेळ भांडी-धुणी आटोपल्यावरची ठेवा आणि जागा ग्रामपंचायत कार्यालयाची न ठेवता पाड्यावरची निवडा. ग्रुप ग्रामपंचायतीत मुख्य गावचे लोक बोलतात आणि चार किलोमीटरवरच्या पाड्याचे लोक ऐकून परत जातात. पेसात पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांचा ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. त्याला वेळ लागतो. तोवर प्रत्येक पाड्यावर बैठक घेऊन तिथल्या मागण्या त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या आणि मोठ्या ग्रामसभेत त्या वाचून दाखवा.

ठराव लिहायची पद्धतही बदला. "पाण्याची सोय करण्याबाबत सर्वानुमते ठरले" हा ठराव निरुपयोगी आहे. कुठल्या पाड्यावर, कुठल्या गटात, काय करायचं, अंदाजे खर्च किती, पैसा कुठल्या शीर्षातून, पाठपुरावा कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं एका ठरावात आलं पाहिजे. २०१८ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत आझाद मैदानावर संपला तो सरकारकडून लेखी आश्वासन घेऊनच. तीच सवय इथे लावायची आहे, फक्त लेखी घेणाऱ्या हातांत आता लेखी देणंही आलं.

साताऱ्याच्या प्रतिसरकारची आठवण इथे अवांतर नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव झालं ते लढाईमुळे. पण गावोगावच्या समित्या आणि न्यायदान मंडळं तंटे मिटवत होती, व्यवहार बघत होती, म्हणून ते सरकार लोकांना आपलं वाटलं. आजच्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम ४९ च्या ग्रामविकास समित्या आहेत. जुन्या साथीदारांना तिथे बसवा, पण विरोधी गटातली माणसंही घ्या आणि इतिवृत्त लिहायला लावा.

कामाचं बोलायचं तर पेठ-सुरगाण्यात पहिलं काम पाणीच असतं. पावसाळ्यात धो-धो कोसळतो आणि फेब्रुवारीनंतर हंडे घेऊन दरीत उतरावं लागतं. कारण खडकात आहे. वरचा मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक पाणी धरतो, खालचा काळा पाषाण ते आत जाऊ देत नाही. दोहोंच्या सांध्यावर डोंगरउतारात झरे फुटतात आणि बाकीचं पाणी वाहून दमणगंगा, पार अशा नद्यांना जातं. त्यामुळे "बोअर मारा" या मागणीला लगेच हो म्हणू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची पाहणी झाल्याशिवाय मारलेली बोअर आपल्या भागात बऱ्याचदा कोरडीच जाते, आणि कोरडी गेली तरी बिल निघतंच.

त्याऐवजी या उन्हाळ्यात झरे मोजा. खर्च शून्य. वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मार्च, एप्रिल आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक झऱ्यावर जायचं. पाणी एका जागी येण्यासाठी मातीचा छोटा बांध घालून त्यात पाइपाचा तुकडा बसवायचा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा बघून सरासरी लिहायची. ४० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. ८० सेकंद लागले तर २१,६००. आता गरज काढा. ६०० माणसं, प्रत्येकी ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं (घरोघरी नळाच्या योजनेचं) प्रमाण, म्हणजे ३३,०००. गळती १५ टक्के धरली तर सुमारे ३८,०००. यात गुरं धरलेली नाहीत. मोठं दुभतं जनावर रोज ४०-५० लिटर पितं. शंभर गुरं असली की ४०-सेकंदाचा झराही मे महिन्यात जेमतेम पुरतो, आणि ८०-सेकंदाचा माणसांनाही पुरत नाही. हा आकडा हाती असेल तर अभियंत्याशी बोलणं पाच मिनिटांत संपतं. नसेल तर तो जुलैतला झरा बघून योजना आखतो आणि मार्चमध्ये नळ कोरडे पडतात.

झरा पुरेसा असेल तर त्याचं पाणी रात्रभर साठवायला हवं, त्यामुळे टाकी गरजेच्या निम्म्याहून मोठी घ्या. झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग कधीही लावू देऊ नका, भेग हलली की पाणी भलत्याच बाजूला फुटतं. तोंडावर काँक्रीटही ओतायचं नाही. गोटे आणि वाळू भरून पुढे कुंड बांधायचं, तळाला वॉशआउट (गाळ काढायचं तोंड) ठेवायचा, जादा पाण्याचा पाइप गुरांच्या हौदाकडे काढायचा. पाडा झऱ्याच्या खाली असेल तर पंपच नको, उताराने पाणी येतं. मात्र उंचीतल्या दर दहा मीटर फरकाला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब वाढतो. साठ मीटर खाली आणताना सहा किलोचा पाइप काठावर येतो, तेव्हा मध्ये दाब तोडणारी छोटी टाकी बांधायची किंवा दहा किलोचा पाइप घ्यायचा. पाइप चढून पुन्हा उतरतो त्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह नसेल तर हवा अडकते आणि झरा भरपूर असूनही खाली थेंब येत नाही. लोक त्याला "पाइप चोंदला" म्हणतात आणि पाइप कापत सुटतात. आणखी एक. काळा एचडीपीई पाइप उन्हाने सहसा खराब होत नाही, पण मार्च-एप्रिलच्या वणव्यात वितळतो. दोन-तीन फूट गाडलेला पाहिजे. कातळ लागला तिथे वरून दगड-मातीची वरंबी.

जलजीवनची योजना ताब्यात घ्यायची वेळ आली असेल तर भर उन्हाळ्यात सर्व पाड्यांवर शेवटच्या नळापर्यंत चाचणी झाल्याशिवाय हस्तांतराच्या कागदावर सही करू नका. पाइपलाइनचा नकाशा, व्हॉल्व्हच्या जागा, पंपाचं वॉरंटी कार्ड आणि निविदेतली दोषदायित्वाची मुदत (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायचा काळ) लेखी घ्या. दबाव येईल. "सगळ्यांनी घेतली, तुमचंच काय," असं म्हणतील. शेवटच्या नळावर पाणी आलं की लगेच सही करतो, असं पत्र द्या. त्यात तुम्ही अडवणूक केली असं कुणाला म्हणता येत नाही. उद्भव विहिरीभोवती (योजनेला पाणी देणाऱ्या विहिरीभोवती) ५०० मीटरच्या आत कुणी परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेत असेल तर महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ खाली ती थांबवता येते. तक्रार मात्र खोदाई सुरू होतानाच करावी लागते.

शुद्धीकरणात चूक पावडरीची होते. विहिरीतलं पाणी असं मोजा: ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले हजार. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी म्हणजे सुमारे ५६,५०० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. पण उघड्या पोत्यात पावसाळाभर पडलेल्या पावडरीत दम उरलेला नसतो, म्हणून मापावर विसंबू नका. टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून बघण्याची) करा, आणि शेवटच्या नळावर ०.२ पीपीएम दिसलं पाहिजे.

पाणी चालू राहतं की नाही हे पाणीपट्टीवर ठरतं, आणि इथे चळवळीतल्या सरपंचाचा हात थरथरतो, कारण निवडणुकीत माफीची भाषा झालेली असते. हिशेब लोकांसमोर फळ्यावर मांडा. तीन अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण पावणेतीन युनिट ओढतो. रोज पाच तास चालला तर महिन्याला सुमारे ४१० युनिट. दर समजा सहा रुपये (तुमच्या बिलावरचा घ्या), म्हणजे अडीच हजार. पाणी सोडणाऱ्याला तीन हजार, टीसीएल-दुरुस्ती दीड हजार. झाले सात हजार. १२० घरांवर ५८ रुपये पडतात, पण वसुली ७० टक्केच होणार असेल तर ८४ रुपये लागतील. साठ ठरवून चालू केलेली योजना वर्षभरात थकबाकीत जाते आणि मीटर कापला जातो. उताराचं पाणी असेल तर विजेचा आकडाच गळून पडतो, म्हणून झऱ्याचा एवढा आग्रह धरतोय.

पैशाबद्दल आणखी थोडं. २०२१-२६ च्या पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला, आणि अबंधितातूनही पगार काढता येत नव्हते. नव्या आयोगाच्या अटी ग्रामसेवकाकडून लेखी मागा. पेसाचा पाच टक्के अबंध निधी वेगळा. तो पायाभूत सुविधा, वनहक्क-पेसा अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण आणि वन-जलसंधारण अशा शीर्षांत खर्चायचा असतो. झऱ्याच्या वरच्या उतारावरचे सलग समतल चर (पाणी मुरवायला खोदलेले) त्यातून किंवा रोजगार हमीतून होतात. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च करता येत नाही, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला हे सगळं घुसवा. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला निघतात. ऑडिटर आधी तेच बघतो.

"वनखातं रस्ता करू देत नाही" ही तुमची तक्रार. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढा. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, पाइपलाइन, रस्ता अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळते. अट हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडण्याची आणि ग्रामसभेच्या शिफारशीची. प्रस्ताव बहुधा परत येतात ते मोजणी नकाशा आणि झाडांची संख्या नसल्याने. झाडं वनरक्षकाला सोबत घेऊन मोजा, पंचनाम्यावर त्याची सही घ्या, मग प्रस्ताव वर पाठवा.

रोजगार हमीचे कायदे आणि दिवसांचे आकडे बदलत आले, पण दोन गोष्टी पक्क्या ठेवा: कामाची मागणी लेखी आणि पोचेवर तारीख. दिवाळीनंतर लोक द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, त्याआधी मागणी भरून घेतली नाही तर हजेरीपट कोराच राहतो.

आंदोलन सोडायचं का, असंही विचारलंय. नाही. पण आधी पत्र, मग पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मग ग्रामसभेचा ठराव, आणि तिन्हींच्या पोचा हातात घेऊन मग पंचायत समितीच्या दारात. कार्यालयीन कागदावर आंदोलनाचं निवेदन देऊ नका. ते ग्रामसभेच्या किंवा संघटनेच्या नावाने जाऊ द्या.

झऱ्यांचे मार्चचे आकडे, पाड्यांची उंची (मोबाइलवर दिसते तेवढी चालेल) आणि गेल्या वर्षाची वीजबिलं इथे टाका. उताराने पाणी येतं की पंप लागेल आणि पाइप किती किलोचा, ते त्यावरून सांगता येईल.